सहा सूत

ती आली तेव्हा मार्च होता, म्हणजे चिखल.
स्प्रिंगफील्ड, व्हरमाँट. इथे थंडी आणि उन्हाळ्याच्या मध्ये
चिखल नावाचा एक वेगळाच ऋतू असतो,
बुटांना, टायरांना, बोलण्यालाही लागलेला.

काखेत अक्रोडाची लांब पेटी. दुसऱ्या हातात, उघडी, रायफल.
"ही यात मावत नाही," डेल्फीन पेल्की म्हणाली.
"पूर्वी मावायची."

पेटी तिच्या बापानं केलेली. अर्मंड.
कारखान्याला टाळं लागलं त्या हिवाळ्यात,
हात रिकामे म्हणून.
आत हिरवी बनात, आणि बनातीत रायफलीची पोकळी,
रोजच्या माणसाखाली गादी दबते तशी, अगदी त्याच्याच मापाची.

मग खांद्याचं ऑपरेशन झालं.
कुणीतरी नळीच्या तोंडाशी ब्रेक बसवून दिला:
भोकं पाडलेली पोलादी टोपी, धक्का बाजूला फेकणारी.
म्हाताऱ्याचा खांदा वाचला.
रायफल बारा वर्षं कपाटात उभी,
पेटीत लोकरी मोजे.

मी म्हटलं, ब्रेक काढून देतो, पाच मिनिटं.
"नको. शेवटी होती तशीच हवी."
आणि पेटीतही?
"आणि पेटीतही."
मग पेटी लांबवू का, विचारलं.
तिनं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं कॅलिपर उचलला.

हॉलिस, आमचा मालक, चष्म्यावरून:
"नळीला हात लावायचा नाही."
नाही लावत. कायदा सोळा इंच मागतो, नळी बावीस आहे,
पण प्रश्न कायद्याचा नव्हताच.
जादा होतं ते पाऊण इंच.

पाऊण इंच म्हणजे सहा सूत.
इथे सूत कुणाला ठाऊक नाही,
इथे इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात,
मीही बोलतो, पगार त्याचाच आहे.
पण ओगलेवाडीच्या शेडमध्ये बंडा मिस्त्री
पट्टी न लावता, नुसतं लांबून,
"दोन सूत फुगलाय रे तुझा जॉब" म्हणायचे,
आणि तो दोनच सूत फुगलेला असायचा.
तेव्हापासून माझा डोळा सुतातच मोजतो,
तोंड नंतर भाषांतर करतं.

ब्रेकवर भोकांच्या तीन ओळी. शेवटची जाणार.
"धक्का वाढेल," मी सांगितलं.
"कुणाचा?" ती म्हणाली.
उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी लेथ चालू केला.

निळसर कीस निघाला, जळक्या तेलाचा वास,
आणि कडी ट्रेमध्ये पडली,
पंगतीत चमचा पडावा तेवढाच आवाज.

दुकानाचा नियम: तोंडाशी काही केलं तर झाडून बघायचं.
मागच्या बंकरमध्ये तीन गोळ्या.
दोन दिवस शर्टाची बाही चढवताना
अर्मंड आठवत राहिला,
ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी ती आली. रायफल पेटीत ठेवली.
बसली नाही.
तोंडाशी अडली, केसभर.
माझे कान तापले. मोजमाप बरोबर होतं,
पण बनात बारा वर्षं कुणी नसताना
उभी राहिली होती, तिचा लव आडवा व्हायला तयार नव्हता.
"आणखी एक कट घेतो," मी म्हणालो.
"राहू दे. दबेल."
तिनं झाकण लावलं, कड्या अडकवल्या,
आणि हॉलिस बिल लिहीपर्यंत
सरळ पेटीवर बसून राहिली, मांडीवर पर्स,
एस्टीच्या थांब्यावर बसावं तशी.
चाळीस डॉलर झाले. तिनं पन्नास ठेवले, सुटे मोजून घेतले.

कडी तिनं मागितली नाही.
ती माझ्या खिडकीत आहे. तिच्यातून पेन्सिल जाते,
करंगळी जात नाही.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे, मी तेवढा गेलो नाही,
फक्त परवा, काम नव्हतं म्हणून, ती मोजली:
पाच सूत.

एक सूत कापण्यात गेलं.
हत्यार आपलं खातंच.